भातातली कोंबडी

रत्नागिरीच्या मैत्रिणीची भाची सिंगापुरात बरीच वर्षं नोकरी करते. आम्ही चौघी तिकडे निघालो तेव्हा तिने खाण्याच्या बाबतीत एकच पत्ता दिला, तोही अटींसकट. ‘अकराच्या आत पोहोचा मावशी, उशीर केलात तर तंगडीचा भाग संपलेला असेल. भाजलेली कोंबडी टांगलेली दिसेल, ती घेऊ नका, पांढरीच मागा. आणि कोंबडी कशी होती ते मला सांगू नका. भात कसा होता ते सांगा.’

यादी आमच्याकडेही होती. कोल्हापूरच्या मैत्रिणीने ती हौसेने जमवली होती आणि चायनाटाऊनजवळच्या मॅक्सवेल फूड सेंटरमधलं ‘तियान तियान’ तिच्यात अगदी वर होतं. अमेरिकन शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेनने तिथल्या भाताचं कौतुक केलं आणि जगभरचे प्रवासी तिथे रांग लावू लागले. एवढं नाव सोडून कुठल्याशा वसाहतीतल्या, यादीत नसलेल्या स्टॉलवर सकाळी सकाळी कशाला जायचं, असा तिचा रास्त प्रश्न होता. त्यावर रत्नागिरीकरीण एवढंच म्हणाली, ‘पोरीने सांगितलंय, तर जायचं.’

मलाही माणसाने सांगितलेली जागाच जास्त भरवशाची वाटते. यादी सगळ्यांची असते. कुणी ओळखीचं माणूस एखादं ठिकाण सांगतं तेव्हा त्याने ते स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या भुकेने कितीदा तरी पारखलेलं असतं. नव्या शहरातले सुरुवातीचे एकटे दिवस, महिनाअखेरीची ओढाताण, आठवड्याच्या सुट्टीतली उशिराची सकाळ, हे सगळं त्या पत्त्याला चिकटलेलं असतं. शिवाय सांगणारा थोडं धाडसही करत असतो. आपल्याला ते आवडलं नाही तर पदार्थाबरोबर त्याची जीभही नापास होते. म्हणून कुणी मनापासून काही खायला सांगितलं की पोट रिकामं ठेवून, सांगितल्या वेळेला तिथे जावं. तेवढं तरी आपण त्याचं देणं लागतो.

एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनातून बाहेर पडलं की उंच सरकारी इमारतींची वसाहत लागते. सिंगापूरची बहुसंख्य माणसं अशाच इमारतींत राहतात. त्यांच्या मधोमध, वर छप्पर आणि चारी बाजूंनी मोकळं असं हॉकर सेंटर. एके काळी हे सगळे विक्रेते रस्त्यावर, गटाराच्या कडेला गाड्या लावून उभे असत. 1970च्या दशकापासून सरकारने त्यांना नळ, गॅस आणि सांडपाण्याची सोय असलेल्या अशा जागांमध्ये आणून बसवलं. 1980च्या दशकात हे काम पुरं झालं. डिसेंबर 2020मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीचा आपल्या वारशांच्या यादीत समावेश केला. ते योग्यच झालं असं तिथे बसल्यावर वाटतं. गाळा दहा हात रुंदीचाही नसतो. त्यात एखादं जोडपं वर्षानुवर्षं एकच पदार्थ करत असतं, आणि समोरच्या बांधलेल्या टेबलांवर बँकेतला अधिकारी, झाडूवाला आणि शाळेतून आलेली मुलं एकमेकांना खेटून जेवतात. सगळ्यांची थाळी तेवढ्याच पैशांत. चिकन राइसची बशी चार-पाच डॉलरला मिळते. त्या महागड्या शहरात ही किंमत ऐकून माझा आधी विश्वासच बसला नाही.

टेबल अडवायचं तर त्यावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं, हे भाचीने शिकवलं होतं. पुण्याच्या मैत्रिणीने आपलं पाकीट ठेवलं आणि आम्ही स्टॉलपुढे उभ्या राहिलो. पुढे चार-पाच स्थानिक माणसं होती, बहुतेक म्हातारी, हातात बाजाराच्या पिशव्या घेतलेली.

काचेच्या कपाटात कोंबड्या आकड्यांना टांगलेल्या होत्या. डावीकडे भाजलेल्या, तपकिरी, आणि उजवीकडे फिकट पिवळ्या, ओलसर, चकचकीत. आमच्या डोळ्यांना सवय तांबड्या-तपकिरी रंगाची. मसाला नाही, तवंग नाही, हळदीचा डागसुद्धा नाही. कोल्हापूरकरीण माझ्या कानाशी लागली, ‘ही नुसती उकडलेली दिसतेय गं.’ काचेमागे एक काका उभे होते. त्यांच्यापुढे झाडाच्या बुंध्याची आडवी चकती असावी तसा जाड गोल ठोकळा होता आणि मधोमध तो सुऱ्याच्या घावांनी खोलगट झाला होता. काकांनी एक पांढरी कोंबडी आकड्यावरून काढली, तंगडी वेगळी केली, आणि पाहता पाहता आतलं हाड असं बाहेर घेतलं की मांस कुठेही फाटलं नाही. मग रुंद पात्याचा सुरा आडवा करून त्या मांसावर एकदा अलगद दाबला, आठ-दहा घाव घातले, आणि सुरा खालून सरकवून सगळी तंगडी एका खेपेत उचलून काकडीच्या चकत्यांवर ठेवली. तुकडे जागचे हलले नव्हते. तंगडी पुन्हा अख्खी दिसत होती आणि कातडी कुठे सुटली नव्हती. वरून पातळ सोया सॉस आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब. पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी लगेच दुसरी कोंबडी उतरवली.

पैसे घेणारी आणि भात वाढणारी बाई त्यांची पत्नी असावी. तिथे सगळे तिला आँटी म्हणतात, आम्हीही म्हटलं. आम्ही तिघींनी आपापली बशी सांगितली. पुण्याची मैत्रीण शाकाहारी आहे. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या कुणी खाल्लं नाही आणि तिलाही कधी खावंसं वाटलं नाही. प्रवासात ती आमच्या अडचणी वाढवत नाही, आम्ही जिथे बसू तिथे आपलं काहीतरी शोधून घेते. तिने पुढे होऊन इंग्रजीत सांगितलं, मला नुसता भात आणि काकडी द्या, कोंबडी नको.

आँटीने भाताचा डाव तसाच हवेत थांबवला. ‘व्हेजिटेरियन?’ तिने विचारलं. मैत्रिणीने मान हलवली. आँटी म्हणाली, ‘राइस ऑल्सो चिकन.’ मग डावाने सुपाच्या पातेल्याकडे बोट केल्यासारखं केलं, ‘सूप ऑल्सो.’ आणि लाल मिरचीच्या सॉसच्या भांड्याकडे, ‘चिली ऑल्सो.’ पुढे केलेली नोट तिने हातानेच मागे सारली आणि पलीकडच्या रांगेतल्या भारतीय गाळ्याकडे दाखवलं, ‘यू गो देअर. गुड.’

मागे रांग होती. दोन डॉलरचा भात वाढून मोकळं होणं तिला सोपं होतं. भात भातासारखाच दिसत होता, कणभर पिवळसर, मोकळा, वाफाळता. त्यात कोंबडीचा तुकडा नव्हता. आमच्यातल्या कुणालाही आयुष्यात कधी कळलं नसतं. पुण्याची मैत्रीण दिवसभर त्याच गोष्टीविषयी बोलत होती. तिच्या दृष्टीने त्या आँटीने तिला वाचवलं होतं, आणि तिचं ते म्हणणं मला शब्दशः मान्य आहे. जे दिसत नाही ते विकणाऱ्याने ते आहे असं सांगणं, याला मी प्रामाणिकपणाचा फार वरचा प्रकार मानते. स्वयंपाकघरात काय घडलं ते खाणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्याच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट रांधणाऱ्याच्या शब्दावर जाते.

‘राइस ऑल्सो चिकन’ या तीन शब्दांत आँटीने त्या पदार्थाची सगळी कृतीही सांगून टाकली होती. भाचीने भात बघा का म्हटलं ते मला तिथे उलगडलं.

पाण्याचं मोठं पातेलं उकळी येऊ देऊन मग खाली बसवायचं. त्यात आलं आणि कांद्याची पात. उसळतं पाणी इथे चालत नाही. अख्खी कोंबडी मानेला धरून त्या पाण्यात बुडवायची, वर काढायची, पोटात शिरलेलं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा बुडवायची. पोकळीतलं गार पाणी निघून तिथे गरम पाणी खेळलं नाही तर कोंबडी बाहेरून शिजते आणि आतून कच्ची राहते. मग ती पाण्यात सोडून देतात, आच इतकी मंद की पृष्ठभाग फक्त थरथरावा. मांसाला कळू न देता ते शिजवायचं असतं. शिजली की तिथून थेट बर्फाच्या पाण्यात. शिजणं त्या क्षणी थांबतं, कातडी आकसून गुळगुळीत होते आणि कातडीखालचा रस थिजून मांसावर पारदर्शक थर धरतो. हाडाजवळ किंचित गुलाबी रंग राहतो, तो पाहून आपल्याकडचं माणूस दचकतं. तिथे तो वेळ बरोबर साधल्याची खूण समजतात.

कोंबडी एवढ्यावर संपली. भाताची गोष्ट इथे सुरू होते. कोंबडीच्या पोटातली, शेपटीकडची चरबी आधीच काढून ठेवलेली असते. ती मंद आचेवर वितळवायची आणि त्यात ठेचलेलं आलं-लसूण परतायचं. धुऊन निथळलेला तांदूळ त्यात टाकायचा आणि दाणा न् दाणा चरबीने माखेपर्यंत हलवायचा. मग ज्या पाण्यात कोंबडी शिजली तेच पाणी घालायचं, मीठ आणि पानदान नावाच्या सुवासिक झाडाची पानं गाठ मारून टाकायची. उरलेल्या पाण्यात आणखी हाडं उकळून सूप होतं. त्यातलंच पळीभर पाणी मिरची, लसूण, आलं आणि कालामांसी नावाच्या छोट्या लिंबाच्या रसाबरोबर वाटलं की सॉस होतो. एका पाण्याने सगळं ताट बांधलेलं असतं. मांस त्या पाण्याला आपली चव देऊन बसलेलं असतं आणि ती चव भाताने राखलेली असते.

आम्ही बश्या घेऊन टेबलाशी आलो. सांगितल्याप्रमाणे मी आधी नुसता भात खाल्ला. शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो, पण शीत इतकं निरखून मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. प्रत्येक दाणा सुटा, वरून तुकतुकीत, बोटांत धरला तर तेलकट लागत नाही, दाबला तर मऊ, मधे कणी नाही. तोंडात आधी आल्याचा वास येतो, मग परतलेल्या लसणाचा गोडवा, आणि घास गिळता गिळता, सगळ्यात शेवटी, कोंबडी येते. ती जिभेच्या मागच्या बाजूला येते आणि पुढचा घास घेईपर्यंत तिथेच राहते. मीठ अगदी बेताचं. रत्नागिरीकरणीने बशी नाकाशी नेली आणि म्हणाली, ‘अगं, हे तर आमच्या परड्यातलं पान.’ खरंच होतं ते. हे पान कोकणात पुष्कळ घरांच्या मागे न्हाणीच्या पाण्यावर वाढतं, आणि साध्या तांदळाला आंबेमोहोराचा वास यावा म्हणून भाताच्या आधणात टाकतात. इथे त्याच पानाशिवाय भात चढत नाही.

मग मांस. ते कोमट होतं, गरम नव्हतं, आणि पहिल्या घासाला त्याने काही सांगितलं नाही. कोल्हापूरकरणीचा चेहरा पडला होता. तिखटजाळ रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे अळणी वाटणारच. तिने तुकडा लाल सॉसमध्ये बुडवला, मग काकवीसारख्या दाट काळ्या सोया सॉसमध्ये टेकवला, वर ठेचलेल्या आल्याचं बोट लावलं आणि भाताबरोबर खाल्ला. पुढचा घास तिने न बोलता घेतला, त्यापुढचाही. कातडी थंड आणि मऊ, तिच्याखालचा तो थिजलेला थर जिभेवर विरघळतो, आणि त्याच्या आत मांस इतकं रसाळ की दातांना काम उरत नाही. मसाल्याने कोंबडीला चव द्यायची हे आपण शिकतो. इथे कोंबडीची स्वतःची चव तिला ठेवू दिलेली असते आणि झणका बाजूच्या वाट्यांत असतो, ज्याने त्याने हवा तेवढा घ्यावा. मला स्वतःला ही रीत फार आवडली. खाणाऱ्यावर एवढा विश्वास आपल्या रश्श्यात नसतो, आणि हे मी आपल्या रश्श्यावर जीव असूनही म्हणते आहे.

पुण्याची मैत्रीण तोवर भारतीय गाळ्यावरून तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, ओलं खोबरं आणि गूळ घेऊन आली. तिथे त्याला पुतु मायम म्हणतात. चौघींच्या बश्या एकाच टेबलावर होत्या. रांधणारे वेगळे, भांडी वेगळी, धर्म वेगळे आणि जेवणाची वेळ एक. हे रेस्टॉरंटमध्ये साधलं नसतं. तिथे एकीला सॅलड चिवडत बसावं लागलं असतं आणि आम्हा तिघींना आपलं जेवण जरा चोरून खाल्ल्यासारखं झालं असतं.

दुपारी आम्ही मिडल रोडच्या बाजूला गेलो. भाचीने तेही सांगितलं होतं, जेवलात की ते लोक जिथे राहायचे तिथे जाऊन या. ते लोक म्हणजे हायनान बेटावरून आलेले. चीनच्या दक्षिण टोकाच्या या बेटावर वेनचांग गावची कोंबडी प्रसिद्ध आहे आणि चिकन राइसचं मूळ तिच्यात सांगतात. हायनानी माणसं सिंगापुरात आली ती उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. तोवर होक्किएन लोकांनी व्यापारात जम बसवला होता, तेओच्यू आणि कँटनी लोकांनीही आपापले धंदे धरले होते. हायनानच्या माणसांच्या वाट्याला दुसऱ्यांची चूल आली. ती इंग्रजांच्या बंगल्यांत स्वयंपाकी झाली, घरगडी झाली, बोटींवर आणि छावण्यांच्या खानावळींत राबली. मिडल रोड, पर्व्हिस स्ट्रीट आणि सिया स्ट्रीट या लागोपाठच्या रस्त्यांवर त्यांची वस्ती होती. सिया स्ट्रीटला लागूनच राफल्स हॉटेलची पांढरी इमारत आहे. तिथल्या बारमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगापूर स्लिंग हे पेय तयार करणारा न्याम तोंग बून हाही हायनानीच. पाहुण्यांना काय आवडेल हे ओळखणं हा या माणसांचा पोटाचा उद्योगच होता.

चिकन राइस मात्र त्यांनी साहेबांसाठी केलेला नव्हता. 1920च्या दशकात वांग यियुआन नावाचा हायनानी फेरीवाला या भागात केळीच्या पानात बांधलेला चिकन राइस विकत हिंडायचा, त्याच्या नोंदी आहेत. भाताचे घट्ट गोळे करायचे, म्हणजे ऊब टिकते आणि हातात धरून खाता येतात. मलेशियातल्या मलाक्का शहरात हे गोळे आजही मिळतात. त्याच्या हाताखाली शिकलेल्या मो ली ट्वी याने 1940च्या दशकाच्या अखेरीस मिडल रोडवर ‘स्वी की’ हे हॉटेल काढलं आणि या पदार्थाला शहरभर नाव मिळवून दिलं. ते 1997मध्ये बंद झालं. आता तिथे काही दिसत नाही. पर्व्हिस स्ट्रीटवरचं ‘येत कॉन’ 1940मध्ये निघालेलं.

त्या रस्त्यांवरून हिंडताना मला सारखा तो भात आठवत होता. कोंबडी दुर्मिळ आणि महाग, खाणारी तोंडं अनेक. अशा घरात एका कोंबडीतून सगळ्यांचं जेवण कसं काढायचं, याचं हे उत्तर आहे. मांस दोन-दोन तुकडेच मिळेल, पण भात पोटभर आणि त्याच्या प्रत्येक दाण्यात कोंबडी. दिवसभर दुसऱ्यांसाठी सुग्रास रांधून घरी आलेल्या माणसाने स्वतःसाठी हे केलं असेल, तर त्याच्या हाताला मी नमस्कार करते. जगातल्या पुष्कळ थोर पदार्थांमागे टंचाई उभी असते हे आपण ऐकून असतो. ती टंचाई या ताटात जशी खानदानी होऊन बसली आहे तशी मी इतरत्र चाखलेली नाही.

संध्याकाळी भाचीकडे जेवायला जमलो. आमच्या बोलण्यात भातच होता, त्यामुळे ती खूश झाली. मग तिने 2022ची हकिगत सांगितली. मलेशियात कोंबड्यांचा तुटवडा पडून भाव चढले म्हणून त्या सरकारने 1 जूनपासून निर्यात थांबवली. सिंगापूरची साधारण एक तृतीयांश कोंबडी तिथून येते आणि बहुतेक जिवंत येते. ती इथे कापली जाते आणि ताजी, नुसती थंड केलेली विकली जाते. बर्फात गोठवलेली कोंबडी ब्राझीलमधून हवी तेवढी मिळत होती. रश्श्यात ती खपून जाते. गोठताना मांसात बर्फाचे स्फटिक होतात, वितळताना त्यातला रस पाझरून जातो, आणि जिथे मसाला नाही, तिखट नाही, तळण नाही, तिथे लपायला जागाच नसते. काही चिकन राइसवाल्यांनी त्या दिवसांत धंदा बंद ठेवला, काहींनी दुसरे पदार्थ केले. भाचीच्या स्टॉलवरच्या काका-आँटींनी काही आठवडे शटर ओढून घेतलं. ती रोज ऑफिसला जाताना त्या बंद शटरवरून जायची. ‘गोठवलेली वापरली असती तरी माझ्यासारखी माणसं गेलीच असती,’ ती म्हणाली. ‘मला कळलंही नसतं कदाचित. पण त्यांना कळलं असतं ना.’ ऑक्टोबरमध्ये मलेशियाने साध्या जिवंत कोंबड्यांची निर्यात पुन्हा सुरू केली तोवर शटर उघडून ते दोघे मिळेल तिथून ताजा माल आणून, कमी कोंबड्यांवर, लवकर बंद करून चालवत होते.

हे ऐकताना पुण्याची मैत्रीण माझ्याकडे पाहत होती. सकाळच्या त्या थांबवलेल्या डावाचा आणि या ओढलेल्या शटरचा हात एकच होता.

मग तिनेच विषय काढला. चव पाण्यातून भातात जाते, एवढीच जर या भाताची किल्ली असेल, तर कोंबडीवाचून तो का होऊ नये? तिला कोंबडीची नक्कल नको होती. सोयाबीनचे गोळे, मांसाच्या वासाची पूड, असलं काही घरात आणू नका म्हणाली. तिला ती रीत हवी होती, आधी पाणी कमवायचं आणि मग ते पाणी भाताला द्यायचं. भाचीने कपाटातून सुके शिटाके मशरूम काढले, कोबीचे दांडे, गाजर, आल्याचे तुकडे आणि पातीच्या मुळ्या घातल्या आणि पातेलं अगदी मंद आचेवर ठेवलं. पाणी उसळायला लागलं की रत्नागिरीकरीण उठून गॅस बारीक करत होती. तासाभराने ते पाणी सोनेरी झालं. बाल्कनीतल्या कुंडीतून पानदानची दोन पानं खुडून आणली, तांदूळ धुऊन निथळत ठेवला, आलं-लसूण ठेचून झालं.

चरबीपाशी गाडं अडलं. तांदूळ कशात परतायचा? पुण्याची म्हणाली, साजूक तूप, दुसरं काही नाही. रत्नागिरीची म्हणाली, तुपाचा वास पानाला मारून टाकेल, त्या बेटावरसुद्धा नारळच असतील, खोबरेल घ्या. कोल्हापूरकरीण शेंगदाण्याच्या तेलाचा आग्रह धरून बसली, कारण आलं-लसूण त्यातच खमंग होतं, आणि हे तिचं म्हणणं मला पटत होतं. पण मी बोलले असते तर प्रकरण आणखी लांबलं असतं. भाचीने तांदळाचे तीन वाटे केले, तीन पातेली ओट्यावर मांडली आणि शेजारणीकडे आणखी एक शेगडी मागायला गेली.